पाठीवरचे बिऱ्हाड

प्रवासाला निघताना बरोबर काय काय घ्यावे, याविषयी आमच्या घरात पहिल्यापासून दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाची आद्य प्रवर्तक माझी आई. ‘असू दे गं, लागलं तर?’ हे त्या पंथाचे ब्रीदवाक्य. पंढरपूरला एका रात्रीपुरते जायचे असले, तरी तिच्या पिशवीत सुतळीचा गुंडा, सांडशी, सुईदोरा, हिंगाची डबी आणि जुन्या साडीची दोन फडकी ही असायचीच. दुसरा पंथ माझा, आणि त्याची अनुयायी मी एकटीच. वीस वर्षे महाविद्यालयात संतवाङ्मय शिकवताना अपरिग्रहावर मी इतकी व्याख्याने दिली आहेत, की निदान प्रवासात तरी तो थोडाफार आचरणात आणावा असे मला वाटते. एक लहान बॅग आणि दोन पुस्तके, संपले सामान! वाटेत सुईदोरा लागला की मी तो आईकडे मागते, ही गोष्ट वेगळी.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघी मँचेस्टरला माझ्या धाकट्या भावाकडे निघालो, तेव्हा या दोन पंथांत कडाक्याचा वाद झाला. निमित्त झाले एका गोधडीचे. आमच्या तिकिटावर माणशी २३ किलो सामानाची मुभा होती. लाडू, चिवडा, भाजणी, मेतकूट हे सारे त्यात बसवून झाल्यावर आईने कपाटातून पिशवीत बांधलेली एक गोधडी काढली. चांगली अडीच किलोंची! “अगं, इंग्लंडात काय पांघरुणं मिळत नाहीत?” मी म्हणाले. आई काही बोलली नाही. तिने बॅगेतून लाडवांचा डबा बाहेर काढला आणि त्याच्या जागी गोधडी ठेवली. लाडवांपेक्षा गोधडी मोठी ठरते, तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

भावाकडे पोहोचल्यावर कळले, की त्याने आमच्यासाठी लेक डिस्ट्रिक्टची सहल आखली आहे. उत्तर इंग्लंडमधला हा डोंगरांचा आणि तळ्यांचा मुलूख. १९५१ साली तो राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याचे नाव गेले. वर्ड्‌स्वर्थची भूमी म्हणून मला तिथे जायचे होतेच. “हॉटेल कुठलं ठरवलंस?” मी विचारले. तो हसला आणि त्याने आम्हांला घराबाहेर नेले. तिथे दोन चाकांवर एक बुटकी पेटी उभी होती. उंची माणसाच्या छातीइतकी. “हे आपलं हॉटेल,” तो म्हणाला.

इंग्रज लोक या पेटीला ‘फोल्डिंग कॅम्पर’ म्हणतात. आपण तिला घडीचे घर म्हणू. मोटारीच्या मागे जोडून ती ओढत न्यायची. मुक्कामाला पोहोचले, की तिचे झाकण दोन्ही बाजूंना उलगडायचे. त्याचे दोन मोठे पलंग होतात. मधोमध लोखंडी कमानी उभ्या राहतात, त्यांच्यावर कापड ताणले जाते आणि खाली घडी घालून ठेवलेला ओटा उभा केला, की स्वयंपाकघर तयार! बसायची बाके रात्री जोडली की तिसरा बिछाना होतो. आईने हे प्रात्यक्षिक डोळे विस्फारून पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड की रे हे!” त्या दिवसापासून त्या घराचे नाव ‘बिऱ्हाड’ पडले. माझा नऊ वर्षांचा भाचा तो शब्द आता इंग्रजी धाटणीने उच्चारतो.

हौसेखातर घर पाठीवर घेऊन हिंडण्याचा हा नाद इंग्रजांत जुना आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरने मुद्दाम बांधवून घेतलेल्या, घोड्यांनी ओढायच्या गाडीतून इंग्लंड-स्कॉटलंडची सफर केली. तिचे नाव ‘द वॉन्डरर’ आणि वजन सुमारे दोन टन. पुढे टॉमस हिरम होल्डिंग या गृहस्थांनी सायकलवर मावेल एवढ्या तंबूचा प्रचार केला आणि १९०१ मध्ये सायकलवरून मुक्कामाला जाणाऱ्यांची संघटना काढली. हे होल्डिंग व्यवसायाने शिंपी होते. डॉक्टरांचे घर मोठे आणि जड, शिंप्याचे लहान आणि हलके. घडीचे घर या दोघांच्या मधले आहे. रस्त्यावर असते तेव्हा पेटी, मुक्कामाला पोहोचले की तंबू.

पण खरी गोष्ट या घराची नाही, त्यात भरायच्या सामानाची आहे. भावाकडे चाळीस कलमांची एक यादी होती आणि ती त्याने पारदर्शक कागदात घालून ठेवली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तो प्रत्येक वस्तू हातात घ्यायचा, पाहायचा आणि यादीवर खूण करायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लहानपणी दप्तराची कधी आठवण न ठेवणारा हा मुलगा! मी चेष्टा केली, तर माझी भावजय हळूच म्हणाली, “ताई, २०२० पासून ते असे झाले आहेत. राहू द्या.”

मी गप्प बसले. आमचे बाबा २०२० च्या जूनमध्ये गेले. मार्चअखेरीसच विमाने बंद झाली होती, त्यामुळे भावाला येता आले नाही. अंत्यदर्शन त्याने मोबाईलच्या पडद्यावर घेतले. नंतर दोनदा तो पुण्याला येऊन गेला, पण त्या दिवसाविषयी तो आईशी बोलला नाही आणि आईही त्याच्याशी बोलली नाही. मध्ये मी होते. मीही बोलले नाही.

सामान भरण्याचेही एक शास्त्र आहे. जड वस्तू चाकांच्या आसावर आणि तळाशी ठेवायच्या, हलक्या टोकांना. पेटीचे नाक मोटारीच्या हुकावर ठरावीक भाराने टेकले पाहिजे. तो भार कमी पडला तर मागची पेटी वाऱ्याने शेपटीसारखी डुलू लागते. भावाकडे तो भार मोजायचे एक साधन होते. त्याने मोजले आणि म्हणाला, “आई, तुझा कुकर आणि पिठाचा डबा मागच्या टोकाला नको.” पाच किलो कणकेने गाडीचा तोल बिघडतो, हे आईला पटले नाही, पण तिने डबा हलवू दिला. पेटीला एक पोलादी तारही असते. हुक निसटलाच तर ती तार ताणली जाऊन पेटीचा ब्रेक आपोआप लागतो. ती जोडलेली आहे ना, हे भावाने तीनदा पाहिले. मी मोजले.

मँचेस्टरहून आम्ही एम-६ या महामार्गाने उत्तरेला निघालो. १९५८ साली प्रेस्टन गावाबाहेर उघडलेला याच रस्त्याचा एक तुकडा हा ब्रिटनमधला पहिला मोटारमार्ग. पाठीवर बिऱ्हाड असलेल्या गाडीला इथे ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरांची मर्यादा असते आणि तीन पदरी रस्त्यावर सर्वांत उजवीकडचा पदर तिला वर्ज्य. त्यामुळे सारे जग आम्हांला मागे टाकून जात होते. आईला मात्र हा वेग फार आवडला. “मेंढ्या नीट दिसतात,” ती म्हणाली. पेनरिथला डावीकडे वळल्यावर डोंगर जवळ आले आणि दुपारी आम्ही केझिकच्या अलीकडे, डरवेंटवॉटर तळ्यापासून जवळच असलेल्या एका कुरणावर पोहोचलो.

आता यादीतल्या वस्तू एकेक करून बाहेर येऊ लागल्या. पहिल्या निघाल्या चाकांना लावायच्या पाचरी. मग पाणसळ. आपले गवंडी वापरतात तीच, पण बोटाएवढी. कुरण दिसायला सपाट असले तरी एका बाजूला तीन बोटे उतार होता. भावाने त्या बाजूच्या चाकाखाली पायरीसारखा प्लास्टिकचा ठोकळा सरकवला आणि पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणला. हे आधी केले नाही तर रात्रभर माणूस पलंगाच्या खालच्या कडेला गोळा होतो. मग चार कोपऱ्यांचे टेकू खाली सोडायचे. मऊ मातीत ते रुतू नयेत म्हणून प्रत्येकाखाली एकेक फळीचा तुकडा. या फळ्या दुकानातही मिळतात, पण भावाने जुन्या कपाटाच्या कापून आणल्या होत्या. ते पाहून हा आईचाच मुलगा आहे, याची माझी खात्री पटली.

त्यानंतर पाण्याचे पिंप. चाळीस लिटरांचे हे पिंप आडवे पाडले की चाकासारखे लोळते, आणि त्याला लांब दांडा लावून लहान मूलसुद्धा ते नळापासून ओढत आणू शकते. भाच्याने ते काम आपल्याकडे घेतले. सांडपाण्यासाठी ओट्याखाली दुसरे भांडे. ते गवतात ओतायचे नाही, नेमलेल्या जागी नेऊन रिकामे करायचे. आणि तिसरी वस्तू, जिच्याविषयी प्रवासवर्णनकार सहसा मौन पाळतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला मध्यरात्री पावसातून दोनशे पावले चालत शौचालयाकडे कसे पाठवायचे? त्यासाठी खुर्चीएवढे एक बंद भांडे मिळते. त्यात वास मारणारे निळे औषध घालतात आणि भोवती एक चिमुकला तंबू उभारतात. ते भांडे रोज सकाळी भाऊ नेऊन धुऊन आणी. पहिल्या दिवशी आई संकोचाने अर्धी झाली. “तू नको रे,” ती म्हणाली. “तू माझं किती वर्षं काढलंस?” एवढेच विचारून तो चालता झाला. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना घेऊन कुणाला असा प्रवास करायचा असेल, तर बाकीच्या वस्तूंआधी ही एक वस्तू घ्यावी, असे मी मनापासून सांगेन.

विजेचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. कुरणावर जागोजागी खांब असतात, त्यांतून नारिंगी रंगाच्या जाड तारेने वीज बिऱ्हाडात आणायची. ही २५ मीटरांची तार गुंडाळी तशीच ठेवून वापरली तर ती तापते, म्हणून ती पुरती उलगडावी लागते. आमच्या खांबाची मर्यादा होती १० अँपिअरची. २३० व्होल्टच्या हिशेबाने एका वेळी २३०० वॉट. आता इंग्रजी घरातली चहाची किटली साधारण ३००० वॉटची असते. भावजयीने सहलीसाठी लहान, १००० वॉटची किटली आणली होती, पण ती फार सावकाश उकळते म्हणून मी गुपचूप घरातली मोठी किटली बरोबर घेतली होती. म्हणजे माझ्या पंथाला न शोभणारी ही एकच वस्तू मी बरोबर घेतली, आणि तिनेच घात केला! बटण दाबताच बिऱ्हाडातला दिवा गेला, शीतपेटी थंडावली आणि भाऊ कुरणाच्या रखवालदाराला शोधायला गेला. परत आल्यावर मला म्हणाला, “ताई, मराठीच्या लोकांनी गुणाकार करू नये असं कुठे लिहिलं आहे का?”

इथल्या पावसाचे मात्र कौतुक केले पाहिजे. बॉरोडेल खोऱ्यातले सीथवेट हे गाव इंग्लंडातले सर्वांत पावसाळी वस्तीचे ठिकाण समजले जाते. वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर. आमच्या महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक पडतो हे मी तिथल्या एका आजोबांना अभिमानाने सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “पण तुमचा चार महिन्यांत आटोपतो ना!” यावर मला उत्तर सुचले नाही. त्या पावसाला बिऱ्हाडाचे कापड कसे तोंड देते, हेही पाहण्यासारखे आहे. ते कापड सुती. नवे असताना ते मुद्दाम चिंब भिजवून वाळवावे लागते. धागे फुगतात आणि त्यांच्यामधली भोके मिटतात. नवा माठ आपण आधी भिजत ठेवतो ना, तसेच काहीसे. आणि पाऊस पडत असताना आतून कापडाला बोट लावायचे नाही, लावले की तिथून पाणी आत पाझरू लागते. भाच्याने हा नियम ऐकताक्षणी बोट लावून पाहिले. तो थेंब नेमका माझ्या उशीवर पडत असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रॅसमियरला गेलो. १७९९ ते १८०८ या काळात वर्ड्‌स्वर्थ ज्या घरात राहिला ते ‘डव्ह कॉटेज’ इथे आहे. केशवसुतांपासून आपल्या आधुनिक कवितेवर ज्या इंग्रजी कवींची छाया पडली, त्यांतल्या एकाचे हे घर म्हणून मी मोठ्या भक्तिभावाने उंबरा ओलांडला. घर लहान, छत ठेंगणे, खोल्यांत अंधार. कवीबरोबर इथे त्याची बहीण डोरोथी राहायची. १८०२ च्या एप्रिलमध्ये अल्सवॉटरच्या काठी दोघांनी डॅफोडिलची फुले पाहिली. डोरोथीने ती आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली. भावाची जगप्रसिद्ध कविता त्यानंतर दोन वर्षांनी लिहिली गेली आणि १८०७ मध्ये छापली गेली. हे सारे मी वर्गात शिकवलेले. पण वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिची मला कल्पना नव्हती. ती इतकी गारठायची, की डोरोथीने तिच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवली. ऊब राहावी म्हणून! आई त्या खोलीत बराच वेळ उभी राहिली. कविता तिला ठाऊक नव्हती. “शहाणी होती हो बाई,” ती म्हणाली. डोरोथीवर मी आजवर वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा हा अभिप्राय मला अधिक पटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कासलरिगची प्राचीन शिळांची रिंगण पाहिली. सुमारे ३० मीटर व्यासाच्या वर्तुळात ३८ शिळा, अंदाजे पाच हजार वर्षांपूर्वीच्या आणि चहूकडे डोंगर. संध्याकाळी आईने वांग्याचे भरीत करायचे ठरवले. भावाने बाहेर गवतावर विटा मांडून त्यांवर कोळशाची लहान शेगडी पेटवली. वांगी भाजली, कणसे भाजली. नऊ वाजले तरी उजेड होता. मग एकाएकी पाऊस आला आणि हवा गार पडली. भाऊ, भावजय आणि भाचा भांडी धुवायला कुरणाच्या धुण्याघरात गेले. आई पडवीत बसली होती. बिऱ्हाडाच्या दाराला जोडलेल्या कापडी मांडवाला आम्ही पडवी म्हणत असू. तिचे हात गारठले होते. बाहेर शेगडीतले निखारे राखेखाली मंद झाले होते. धूर नव्हता, ज्वाळा नव्हती. मी ती शेगडी उचलून पडवीत आणली, एका सपाट दगडावर ठेवली आणि पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीची चेन लावून घेतली. लहानपणी थंडीत आजोळी आम्ही शेगडीभोवतीच बसत असू. आई हात शेकू लागली. मला फार बरे वाटले.

दहा मिनिटे झाली नसतील. बिऱ्हाडात पलंगाशेजारी लटकवलेली एक पांढरी डबी कानठळ्या बसतील अशी किंचाळू लागली. ती कशी बंद करायची हे मी पाहते आहे, तोच भाऊ पावसातून धावत आला. त्याने चेन उघडली नाही, ओढून फाडलीच म्हणा ना. आईला दोन्ही हातांनी उचलून त्याने बाहेर आणले, मला दंडाला धरून ओढले आणि मग शेगडी दूर गवतावर नेऊन ठेवली. आम्ही तिघे पावसात उभे. तो आईला पुन्हा पुन्हा विचारत होता, “डोकं दुखतंय? मळमळतंय? माझ्याकडे बघ.” त्याचे हात थरथरत होते.

ती डबी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी होती. कोळसा, लाकूड किंवा गॅस पुरेशा हवेवाचून जळला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, झोप येते, आणि आलेल्या झोपेतून माणूस उठत नाही. राखेखाली विझत आलेले निखारेसुद्धा तो सोडतच असतात. इंग्लंडमध्ये तंबूत शेगडी घेऊन निजलेली माणसे अशी दगावली आहेत. आजोळच्या माजघराला कौले होती, खिडक्या होत्या, फटी होत्या. ही पडवी मात्र मी स्वतःच्या हाताने बंद केली होती. आईला काही त्रास झाला नव्हता. तरी भावाने आरोग्यसेवेच्या १११ क्रमांकावर फोन करून सारे विचारून घेतले. शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्या बाई थर्मासमधून चहा घेऊन आल्या. त्यांनी काही विचारले नाही. आईच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली आणि गेल्या.

मग भावाने बिऱ्हाडाची सगळी दारे-खिडक्या उघडली. तासभर वारा आरपार वाहत राहिला. डबी गप्प झाली, पण गाद्या बर्फासारख्या झाल्या. या पलंगांची एक खोड आहे. ते अधांतरी असतात आणि खालून वारा खेळतो. म्हणून थंडी वरून लागत नाही, पाठीखालून येते. कितीही महागाची पांघरुणे घ्या, अंगाखाली जाड काही नसेल तर ती कुचकामी. भाऊ यासाठी खास गाद्यांखालच्या चटया विकत घेणार होता, पण चाळिसांच्या यादीत तेवढे एकच कलम राहून गेले होते.

तेव्हा आईने बाकाखालून आपली पिशवी ओढली आणि गोधडी काढली. भावाच्या गादीवर ती पसरू लागली. भावाने विजेरी धरली होती. उजेड गोधडीवर पडला आणि तो थांबला. मीही तेव्हाच पाहिले. आईच्या जुन्या साड्यांच्या मध्ये मध्ये सदऱ्यांचे तुकडे होते. एक निळ्या रेघांचा. भावाने पहिल्या पगारातून बाबांना घेतलेला.

“आई, हा...”

“तुला येता आलं नाही ना,” आई म्हणाली, “म्हणून आणली.” आणि ती गोधडीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करीत राहिली.

भाऊ बाकावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं होतं?” चार वर्षे तो प्रश्न त्याच्याकडे होता. “घेतलं,” आई म्हणाली. “गॅसचं बटण बंद केलं का विचार त्याला, म्हणाले. तू तिथे एकटा स्वयंपाक करतोस असंच त्यांच्या डोक्यात होतं.” यावर आम्ही सगळेच हसलो, आणि मग कोणी कोणाकडे पाहिले नाही. त्या रात्री पाऊस पहाटेपर्यंत कापडावर वाजत होता. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही असेच हातभर अंतरावर निजत असू. पलीकडून भावाचा शांत श्वास ऐकू येत होता.

परतायच्या दिवशी बिऱ्हाड मिटले. उलगडताना जे शेवटी केले ते मिटताना आधी करायचे, हा नियम. आधी पडवी, मग मेखा, मग ओटा, मग कमानी, मग पलंग. मेखा उपटायला एक आकडा होता, तो सापडेना. आईची सांडशी कामाला आली. कापड ओले होते आणि ओले कापड घडीत राहिले तर दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून मँचेस्टरला पोहोचताच भावाने दारासमोर बिऱ्हाड पुन्हा उघडून ठेवले. ऊन नव्हते, पण वारा होता. दोन दिवस ते रिकामे घर अंगणात उभे होते आणि आईची सुतळी बांधून त्यावर फडकी वाळत घातली होती.

कुणी असे घडीचे घर घेऊन जाणार असेल, तर माझी यादी आता तयार आहे. पाणसळ, पाचरी आणि फळ्यांचे तुकडे. लोळते पिंप. रात्रीचे भांडे. कमी वॉटची किटली. पाठीखाली घालायला काहीतरी जाड. सुतळी आणि सांडशी. आणि सर्वांच्या आधी ती पांढरी डबी. कोळशाची शेगडी कितीही विझलेली दिसली तरी बाहेरच ठेवावी, डबी असली तरीही. ती सावध करते, वायू काढून टाकत नाही.

निघताना भावाने माझ्या बॅगेत एक खोके ठेवले. “भाऊबीज आत्ताच देऊन ठेवतो,” तो म्हणाला. मी साडीची अपेक्षा करीत होते. निघाली तशीच एक पांढरी डबी. “पुण्याच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे ना? खिडकीही लहानशीच.” मी मान खाली घातली. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तो गीझर काढून मागच्या उघड्या गॅलरीत बसवून घेतला आणि डबी आईच्या खोलीबाहेर लावली.

त्या डबीला तपासणीसाठी एक बटण आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळचा चहा झाला, की आई स्टुलावर न चढता काठीने ते दाबते. मग दुपारी, तिकडे उजाडल्यावर, भावाला फोन लावते.

“वाजतंय रे,” ती सांगते. आणि मग दोघे अर्धा तास बोलत बसतात.